पुढच्या पानगळीत

मुरबाड,
२० एप्रिल २०२५

काकी,

नमस्कार करते आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण तुला लांबण आवडत नाही.

तुझ्या ओटीवर काचेच्या चौकटीत जे चित्र आहे ना, निळं तळं, लाकडी घर, मागे बर्फाचा डोंगर आणि पिवळीधमक झाडं, तिथं जायचं का? चेष्टा नाही करत. पाचवी ते दहावी मी तुझ्याकडे राहिले. सहा वर्षं रोज त्या चित्राखाली अभ्यास केला. काकांनी खताच्या दुकानातल्या कॅलेंडरातून ते कापून चिकटवलं तेव्हा चिकट भाताची वाटी मीच धरली होती.

माझी कॉलेजातली मैत्रीण दिपिका, आटगावची, तुला आठवत असेल. तुझ्या हातची सुकटीची चटणी खाऊन जिचं नाक लाल झालं होतं ती. आता ती ऑस्ट्रियात इन्सब्रुक नावाच्या गावी नर्स आहे. खिडकी उघडली की डोंगर अंगावर येतो म्हणते. तिची एक खोली आपल्यासाठी आहे. तिथवर जाताना वाटेतली आणखी दोन-तीन डोंगरातली गावं करू.

भावेशला विचारून झालं. माझ्या ह्या नवऱ्याला जत्रेतल्या पाळण्यातही गरगरतं. "काकींना ने," म्हणाला, "मी खालून हात हलवतो." खर्चाचं काढू नकोस, ते आम्ही दोघांनी ठरवलंय.

पुढच्या पानगळीत जाऊ. तिथली पानगळ बघायला लोक देशोदेशींहून येतात म्हणे. चित्रातली झाडं पिवळी आहेत ती त्यामुळेच.

फोन करून नाही म्हणू नकोस. पत्राने काय ते कळव. नियम तुझाच आहे.

तुझी स्नेहल

*

किन्हवली,
२ मे २०२५

स्नेहल बाय,

पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. येते.

हे आधी लिहून टाकलं. नाहीतर खाली विचार लिहिता लिहिता माझं मलाच नाही म्हणावंसं वाटलं असतं.

नियम माझा आहे खरा. तू लग्न होऊन मुरबाडला गेलीस तेव्हा मी म्हटलं होतं, फोन करायचा तो कर, पण महिन्याला एक पत्र टाक. तुझ्या जुन्या पुस्तकांवरून एवढी वाचायला शिकले, तर मला वाचायला काही यायला नको का? तेव्हा वाटलं नव्हतं की त्या नियमातून असलं काही घरात येईल.

पानगळीत जाऊ म्हणालीस ते फार बरं केलंस. तेव्हा शेताला माझी गरज नसते. दुसऱ्या कुठल्याही दिवसांत मी निघाले नसते.

वाचनालयातून नकाशाचं मोठं पुस्तक आणलंय. ग्रंथपाल म्हणाले, हे घरी न्यायला देत नाहीत. मी म्हटलं, मी कुठं घरी नेतेय, मी त्या देशात नेतेय. हसले आणि आठ दिवसांसाठी दिलं. तुझं इन्सब्रुक सापडलं. त्याच्या चारी बाजूंनी डोंगराचा तपकिरी रंग इतका दाट आहे की गावाचं नाव लिहायला जागा पुरलेली नाही.

मंगळीला सांगितलं. वरच्या पाड्यावरची मंगळी गो, आज तिच्या शेतात मी आणि उद्या माझ्या शेतात ती, असं आमचं वीस वर्षं चाललंय. ती म्हणाली, "बरफात कशाला मरायला जातंस? आमच्याकडं ये, माळशेजच्या अंगाला नेऊन दाखवतं डोंगूर." तिला चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "घर चांगलंय. पन माणूस एक नाय. गेली कुठं समदी?"

आता तू सांग, कुठलं गाव आधी, कुठलं नंतर. मी वही केली आहे.

काकी

*

मुरबाड,
१८ मे २०२५

काकी,

तुझं "येते" वाचून मी कंपनीत टेबलावर हात आपटला. साहेबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काकी हो म्हणाली. त्यांना वाटलं घरात कोणाचं तरी लग्न ठरतंय.

वहीत लिहून घे. मुंबईहून विमानाने झुरिक. तिथून आगगाडीने ल्युसर्न. तिथं तळं आहे, आणि नदीवर लाकडी पूल, वर घरासारखं छप्पर असलेला. मग ग्रिंडेलवाल्ड. हे गाव थेट बर्फाच्या कड्याखाली बसलंय. मग सेंट मॉरिट्झ. तिकडच्या डोंगरावर एक झाड असतं, सुरूसारखी सुईची पानं, पण ती सोनेरी होऊन गळतात. अख्खा डोंगर हळद खेळल्यासारखा दिसतो. शेवटी इन्सब्रुक, दिपिकाकडे. प्रत्येक गावी दोन-दोन रात्री, इन्सब्रुकला चार.

आणि एक तुझ्यासाठी. तिकडे गुरं उन्हाळाभर डोंगराच्या माथ्यावर चरतात. मग एक दिवस ठरवून त्यांना गावात खाली आणतात, शिंगांना फुलं, गळ्यात बादलीएवढ्या घंटा. सगळं गाव रस्त्यावर येतं. मिळालं तर तेही बघू.

स्वेटर दोन लागतील. बूट लागतील, चप्पल चालणार नाही. पासपोर्टचं लगेच करायचं, मी फॉर्म भरते, तू ठाण्याला यायची तयारी ठेव.

सुकट आणू नकोस. विमान परत उतरवतील.

स्नेहल

*

किन्हवली,
१५ जून २०२५

स्नेहल बाय,

पासपोर्टची एवढी घाई का करतेस कळलं नाही, पण केलं. पोलीस चौकशीला आला. तरणा मुलगा, भिवंडीकडचा. म्हणाला, "आजी, कशासाठी चाललात?" म्हटलं, "पानगळ बघायला." त्याने लिहिता लिहिता हात थांबवला. "पानं गळताना बघायला? एवढ्या लांब?" मग दारातल्या सागाकडे बघून म्हणाला, "ह्याची नाय का गळत?" मी म्हटलं, "ह्याची मी उचलते रे बाबा. तिथली नुसती बघणार आहे." चहा पिऊन गेला. कागदावर काय लिहिलं देव जाणे.

बूट घेतले. पांढरे, लेसचे. आता रोज सकाळी ते घालून टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन येते. पहिल्या दिवशी अख्खी आळी बघत होती. लडकूभाऊंनी पारावरून विचारलं, "वहिनी, पोलीसभरती काय?" म्हटलं, "हो, तुमच्यापासून सुरुवात करणार आहे." आता कोणी बोलत नाही. उलट काल त्यांची सूनच बूट घालून माझ्याबरोबर आली.

गावांची यादी बघितली. मला एक पटलं नाही. गावात दोन रात्री म्हणजे ते गाव नव्हे, एसटी स्टँड झाला. पहिली रात्र कुठं काय आहे ते शोधण्यात जाते आणि दुसरी पिशव्या भरण्यात. मला कुठंतरी इतकं राहायचंय की सकाळी समोरच्या बाईने ओळखून मान हलवली पाहिजे. ग्रिंडेलवाल्डला चार रात्री कर. त्यासाठी काय कापायचं ते काप.

आणि पानगळीत स्वेटर? इथं तर तेव्हा अंगाची लाही होते. डोंगराची गोष्ट निराळी, आणीन.

पेरणी झाली. रोपं हिरवी दिसायला लागली आहेत. लावणी करताना मनात गावांची नावं म्हणणार आहे, उलटं मागे सरकत सरकत.

काकी

*

मुरबाड,
६ जुलै २०२५

काकी, काकी, काकी!

तिकिटं झाली! दसरा दोन तारखेला. सोनं वाटून झालं की तीन ऑक्टोबरला रात्री विमान, आणि सतरा तारखेला परत. दिवाळीचा फराळ करायला तू घरी हजर. बघ कसं बसवलंय.

तुझं ऐकलं. ग्रिंडेलवाल्ड चार रात्री. ल्युसर्न दोनच ठेवलं, सेंट मॉरिट्झ तीन. कोजागरीला आपण त्या बर्फाच्या कड्याखाली असू. आटवलेलं दूध पिऊ, तिथल्या गाईंचं. ऑक्टोबर म्हणजे तिथं पानगळ अगदी भरात.

व्हिसासाठी ऑगस्टअखेर मुंबईला जायचं आहे. तुझी लावणी आटोपलेली असेल.

मी ह्या महिन्यात दोनदा स्वप्नात घंटा ऐकल्या. भावेश म्हणतो तो गजर होता.

स्नेहल

*

किन्हवली,
२० जुलै २०२५

स्नेहल,

लावणी परवा संपली. मग लिहायला बसले. आधी बसवलं नाही.

तू पानगळ लिहिलं होतंस. एप्रिलच्या पत्रात आहे, काढून बघितलं. पानगळ फाल्गुनात असते. साग मोकळा होतो, रानात चालताना पायाखाली पापडासारखं वाजतं. आम्ही वाळक्या पानांचा पातेरा झाडून, भारे बांधून आणतो. तोच पुढे शेतात पसरून जाळायचा आणि त्या राखेच्या राबात भाताचं बी पेरायचं. तूच माझ्याबरोबर शाळेतून येऊन पातेरा भरायचीस. मुरबाडला जाऊन विसरलीस का? मी फाल्गुनाचं धरून हो म्हटलं होतं. तिकडची पानं आश्विनात गळतात हे मला कोण सांगणार होतं? नकाशाच्या पुस्तकात डोंगर होते, महिने नव्हते.

तुझे काकापण फाल्गुनच म्हणायचे. मी पातेऱ्याचा भारा टाकून ओटीवर बसले की चित्राकडे बोट दाखवायचे. "बघ, झाडं पिवळी म्हणजे तिकडं फाल्गुन लागला. समदी पातेऱ्याला गेलीत, म्हणून घरात कोण नाय. आपला झाला की जाऊ, त्यांच्या ओटीवर बसू." दर वर्षी तेच. दर वर्षी मी हसायची.

आश्विनात मी येऊ शकत नाही. हळवं भात तेव्हाच कापणीला येतं. मोठं शेत गरव्याचं आहे, ते दिवाळीनंतर, पण हळव्याचा तुकडा दसऱ्यापासून उभा राहत नाही.

आणि खरं सांगायचं तर भात कापायला माणसं मिळतील. ते कारण नाही. तुला माहीत आहे ते कापणीत गेले. त्या दिवशी मी कुठं होते ते तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटतं मी घरी होते. मी शहापूरला चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. हे म्हणाले, जा, आज तुकडाच आहे. मला बारीक अक्षर लागत नव्हतं एवढंच. परत आले तेव्हा चष्म्याची चिठ्ठी हातात होती आणि दारात माणसं होती. शेतात ते एकटे पडले. येत्या आश्विनात चार वर्षं होतील. तेव्हापासून कापणीत मी गाव सोडलं नाही, किन्हवलीच्या बाजाराच्या पुढं गेले नाही.

तिकीट दुसऱ्या कोणाच्या नावावर होत असेल तर कर. तू मात्र जा. बूट मी लडकूभाऊंच्या सुनेला देईन, तिला होतात.

रागावले नाही. तुझ्यावर तर नाहीच.

काकी

*

मुरबाड,
२६ जुलै २०२५

काकी,

फोन हातात घेतला आणि ठेवला. तू लिहून सांगितलंस, मीही लिहूनच सांगते.

चूक माझी. मी पानगळ हा शब्द इंटरनेटवरून उचलला, रानातून नाही. ऑक्टोबर लिहायला मला काही जास्त शाई लागत नव्हती. पण तिकिटं काढेपर्यंत एकाही पत्रात लिहिला नाही. तू "अंगाची लाही होते" लिहिलंस, तेव्हाही मी हसून पुढे वाचलं.

चष्म्याचं मला माहीत नव्हतं. ते पान मी वेगळं जपून ठेवलंय.

तिकीट मी अजून रद्द केलेलं नाही. पंधरा ऑगस्टपर्यंत थांबते. आग्रह नाही. काकांनी "जाऊ" म्हटलं ते तुला म्हटलं होतं, आणि त्या चित्राखाली तुझ्याशिवाय जाऊन मी काय करू ते मला अजून कळत नाही, एवढंच.

बूट देऊन टाकू नकोस. निदान पंधरापर्यंत.

स्नेहल

*

किन्हवली,
१२ ऑगस्ट २०२५

स्नेहल बाय,

हे पत्र पंधराच्या आत पोचावं म्हणून भावेश कंपनीच्या कामाला सरळगावला येतो त्याच्या हाती देते. टपालावर माझा विश्वास आहे, पण एवढाही नाही.

काल मंगळीच्या शेतात बेणणीला गेले होते. गवत उपटता उपटता तिने विचारलं, "तुजं बूट कुठं गेलं? लई रोज झालं, दिसंना." मग सगळं सांगितलं. चष्म्याचंसुद्धा. चार वर्षं तिच्याबरोबर बांधावर भाकरी खाल्ली, पण हे तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एकटा पडला? कोन म्हनतं एकटा?"

मी म्हटलं, "मी नव्हते ना."

"तू नव्हतीस. मी व्हती ना गो! मी काय बुजगावणं?"

स्नेहल, हे मला माहीत होतं. मंगळीनेच आरोळी दिली, मंगळीनेच माणसं बोलावली, हे त्या दिवशीच सगळ्यांनी सांगितलं होतं. पण मी मनात शेत बघायची तेव्हा त्यात ते एकटेच असायचे. मंगळीला मी काढूनच टाकलं होतं.

मग ती खाली बसली आणि सांगायला लागली. चार वर्षांत मी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नव्हतं. "पेंढी बांधीत व्हता आन् बडबडत व्हता. म्हनला, मंगळे, आता हिला चष्मा येनार. भातातलं खडं आजवर मला एकट्याला दिसायचं, आता तिलाबी दिसतील, मंग निवडील तरी. हासला. मंग म्हनला, छातीत कायतरी भरलंय, वाईच बसतो. बसला तं माज्या खांद्याला टेकून बसला. पानी पाजलं मी. तेवढ्यात गेला. एकटा कुठं गेला?" मग म्हणाली, "तू असतीस तं तुज्या खांद्याला टेकला असता. जीव काय खांदा बघून थांबतोय?"

मी परत गवताला हात घातला. आम्ही दोघींनी उरलेली ओळ बेणून काढली. बरीच लांब ओळ होती.

शेवटी बांधावर चढताना ती म्हणाली, "हळवं मी कापतं. तुज्या दारात नव्या भाताच्या लोंब्याबी मीच बांधतं. वीस वरीस तू माज्या शेतात राबलीस, तवा तुला इचारलं का मी, कुठं जातंस, कधी येतंस? जा तू. आन् त्या घरातली माणसं कुठं गेलीत ती बघून ये, माज्या जीवाला ते लागून राह्यलंय."

घरी आले आणि चित्र खाली काढून पुसलं. काचेवर धूर बसला होता. त्यांना म्हटलं, तुम्ही चुकलात. फाल्गुन नाही, आश्विन आहे. आणि तुमच्याबरोबर मीपण चुकले.

बूट दिलेले नाहीत. तिकीट रद्द करू नकोस.

काकी

*

मुरबाड,
३० ऑगस्ट २०२५

काकी,

पत्र भावेशने दिलं तेव्हा तो तोंड पाडून उभा होता, मुद्दाम. मी उघडेपर्यंत माझा जीव गेला होता. त्याचं काय करायचं ते तू आल्यावर ठरव.

परवा व्हिसाच्या कचेरीत तुझ्या बोटांचे ठसे उमटेनात तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. ती मुलगी यंत्र पुसत होती आणि तू तिला समजावत होतीस, "बाय, यंत्राला काय झालेलं नाय, माझी बोटं भाताने नेलीत." पाचव्यांदा उमटले म्हणून बरं.

दिपिका विचारते, काकींना काय खायला करू? मी म्हटलं, भात कर. खडे काढून.

गुरं उतरायचा सोहळा बऱ्याच गावांत आपण जाईपर्यंत होऊन जाईल, पण तिने एक गाव शोधलंय, थोडं उशिरा उतरवणारं. नक्की नाही. पण डब्यात आशा भरून घेऊ.

स्नेहल

*

किन्हवली,
२६ सप्टेंबर २०२५

स्नेहल बाय,

व्हिसा झाल्याचं तू कळवलंस आणि आळीत बातमी माझ्याआधी फिरली. लडकूभाऊ स्वतः येऊन म्हणाले, "वहिनी, परदेशात आपल्या गावाचं नाव सांभाळा." म्हटलं, सांभाळीन, पण तुम्ही इथं सांभाळा.

पिशवी तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. दोन स्वेटर, लुगडी, तुझी जुनी वही, चष्मा आणि त्याचं घर. सुकट घेतलेली नाही. घेतली होती, काढली.

हळव्याच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या आहेत. काल मंगळीबरोबर शेताला चक्कर मारली. कुठून कापायचं, कुठं उडवी रचायची, सगळं तिला दाखवत होते. अर्ध्यावर तिने मला थांबवलं. "कोनाला शिकवतंस?" खरंच होतं. मग जिथं ते बसले होते तिथं दोघी जरा बसलो. पहिल्यांदा. ती उजवीकडे बसली, म्हणाली, मी हितं व्हती. मी डावीकडे बसले. मधली जागा तशीच ठेवली.

तिथं जाऊन काय करायचं त्याची यादी वहीत आहे. तळं बघायचं, छपराचा पूल चालायचा, सोनेरी डोंगर बघायचा, मिळाल्या तर घंटा ऐकायच्या, आणि एखाद्या लाकडी घराची ओटी सापडली तर घरच्यांना विचारून तिच्यावर बसायचं. घटकाभरच. विचारल्यावर ओटी देईल असं माणूस तूच शोध, मला त्यांची भाषा येत नाही.

मंगळीला विचारलं, तुला काय आणू? मला वाटलं साडी म्हणेल नाहीतर चॉकलेट, लोक म्हणतात तिकडचं चॉकलेट चांगलं. तिने विचार केला, तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग म्हणाली, "तिकडला वाईच पातेरा आन. मूठभर. फाल्गुनात आपल्या राबात टाकू. बघू तरी त्यांची राख आपल्या भाताला मानवते का."

विमानात पातेऱ्याला मनाई असली तर मला सांगू नकोस. वहीच्या मधल्या पानात एक पान बसतं, ते मी मोजून बघितलं आहे.

तीन तारखेला दुपारी दोनला सरळगावच्या नाक्यावर उभी असेन. पांढरे बूट. ओळखशील.

काकी